चीतपट कोणी पाहिली?

आपल्याकडील जुन्या मराठी घरांतून एक मत मोठ्या निष्ठेने जपले जाते. ते असे की, मातीतली निकाली कुस्ती हीच काय ती खरी कुस्ती. कारण तिचा निकाल साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत लागतो. पाठीला माती लागली की हारजीत ठरली. तेथे गुण मांडणारा कारकून नाही, घड्याळ लावणारा नाही, चित्रफीत मागेपुढे करून पाहणारा नाही. गादीवरच्या कुस्तीत मात्र पैलवान पायांवर उभा असतो आणि तरीही तो हरलेला असतो. ही कसली कुस्ती? रामनगरच्या बाजारात, लोंढ्याच्या फलाटावर, हल्याळच्या मैदानाबाहेर चहाच्या गाड्यापाशी, कोठेही दोन वयस्क मराठी माणसे कुस्तीवर बोलू लागली की दहा मिनिटांत बोलणे येथवर येते, आणि मग दोघेही एकमेकांना दुजोरा देत समाधानाने उठतात.

हे समाधान मला मान्य नाही. ते केवळ चुकीच्या समजुतीवर उभे आहे म्हणून नव्हे, तर त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत म्हणून. काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि त्यांतील अनेक कुटुंबे रामनगरात येऊन वसली. माणसे गाव सोडतात तेव्हा देव बरोबर नेतात, आणि देवाबरोबर जत्रा व जत्रेबरोबर कुस्तीचे मैदानही येते. ते मैदान टिकले पाहिजे याविषयी दुमत नाही. परंतु आज आपल्या भागातली जी मुले आणि मुली हल्याळला गादीवर घाम गाळतात, त्यांना आपण घरी आल्यावर काय सांगतो? ‘गुणांवर जिंकलास? मग जिंकलास कसला!’ असे म्हणणारा आजोबा वाईट नसतो. पण त्या एका वाक्याने तो नातवाचे वर्षभराचे कष्ट मोडीत काढतो. आणि नातीच्या बाबतीत तर तो तेवढेही म्हणत नाही, कारण त्याच्या खऱ्या कुस्तीत तिला जागाच नसते.

म्हणून प्रथम त्या ‘डोळ्यांदेखत’ या शब्दाकडेच पाहू.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे समोरासमोर होते. मोहोळ चीतपटीने विजयी, असा निर्णय पंचांनी दिला. राक्षे याचे म्हणणे असे की त्याचे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहावी. ती मागणी मान्य झाली नाही. पुढे त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली, आणि महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या मैदानात पोलिसांना मध्ये पडावे लागले. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यानेही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन शेवटच्या क्षणांत मैदान सोडले. गदा मोहोळ याला मिळाली. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पंचावर हात उगारणाऱ्याला शिक्षा झाली याबद्दल मला खेद नाही. पैलवानाची लाथ ही साध्या माणसाची लाथ नव्हे. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाद गुणांवरून झालेला नव्हता. वाद झाला तो चीतपटीवरून, म्हणजे आपण ज्या निकालाला स्वयंसिद्ध समजतो त्यावरूनच. हजारो माणसे समोर बसली होती, छायाचित्रकार चारी बाजूंना होते, आणि तरीही पाठ टेकली की नाही हे ‘साऱ्या गावाला’ दिसले नाही. दिसणार तरी कसे? चीतपट हा पैलवानाच्या अंगाखाली, खांद्याच्या पात्याखाली बोटभर जागेत घडणारा क्षण आहे. जमिनीला गाल लावून बघणाऱ्या पंचाला तो दिसला तर दिसतो. पन्नास हात दूर बसलेल्या प्रेक्षकाला दिसतो तो पंचाचा वर झालेला हात. आपण आयुष्यभर तो हात पाहिला आणि पाठ पाहिली असे समजत आलो.

आंतरराष्ट्रीय नियमांनी हे फार पूर्वी ओळखले. दोन्ही खांदे एकाच वेळी, पंचाला पुरता ताबा दिसेल इतका वेळ टेकलेले राहिले पाहिजेत; आणि गादीवरच्या पंचाने चीत दिली तरी दुसऱ्या पंचाची किंवा गादी-प्रमुखाची संमती लागते. म्हणजे चीतपटीलासुद्धा साक्षीदार लागतो. निर्णय पटला नाही तर प्रशिक्षकाला चित्रफीत पाहण्याची मागणी करता येते. ती फोल ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि त्या लढतीपुरता मागणीचा हक्क संपतो. उगाच आरडाओरडा करणाऱ्याला दंड आणि खरी तक्रार असणाऱ्याला वाट, अशी ही योजना आहे. ती निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण ‘पंच म्हणतील ते अंतिम’ या वाक्याने तोंड बंद करण्यापेक्षा ती पुष्कळ सभ्य आहे.

दोन वर्षे आधी, जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूडात याच स्पर्धेत वाद झाला होता तो मात्र गुणांचा. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले. सिकंदर खरोखर धोक्याच्या स्थितीत गेला होता का, चार गुण योग्य की कमी द्यायला हवे होते, यावर महाराष्ट्रभर लोक हिरिरीने बोलले. ती कुस्ती मातीतली होती हे विसरू नये. मातीतली, आणि गुणांची! दोन वर्षांत दोन वाद. एक मातीत गुणांवरून, दुसरा गादीवर चीतपटीवरून. जो कोणी माती म्हणजे सत्य आणि गादी म्हणजे लबाडी असे म्हणतो, त्याने या दोन तारखा समोर ठेवून आपले म्हणणे पुन्हा मांडून दाखवावे.

आता निकाली कुस्तीच्या दुसऱ्या थोरवीकडे वळू. तिला वेळेची मर्यादा नाही, म्हणून बलवान तोच जिंकतो, असे सांगतात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९१० सालचे आहे. लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची लढत झाली. गामापुढे आपला टिकाव लागत नाही हे ओळखून झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला आणि दोन तासांहून अधिक काळ तसाच राहिला. अडीच तासांनी लढत बरोबरीत सोडविण्यात आली. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि गामाला विजयी घोषित केले गेले. १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने एक मिनिटाच्या आत निकाल लावला. ही गोष्ट आपल्या तालमींतून गामाच्या गौरवासाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिचे दुसरे टोक कोणी उचलत नाही. जो लढायला तयार नाही त्याला हरविण्याचा उपाय त्या नियमांत नव्हता. आजच्या गादीवर झिबिस्कोला पंचांनी निष्क्रियतेबद्दल ताकीद दिली असती, पाठोपाठ गामाला गुण मिळाला असता, आणि सहा मिनिटांत, म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, तो अडीच तासांचा तमाशा आटोपला असता. गामाला न्याय मिळायला अठरा वर्षे लागली ती निकाली कुस्तीमुळे.

आणि आपल्या जत्रांच्या मैदानांत काय होते? वाचकांनी मनाशी प्रामाणिक राहून आठवावे. मोठ्या इनामाची जोड लागते. शड्डू घुमतो, हलगी कडाडते, दोघे पैलवान मैदानभर फिरून सलामी देतात. मग खडाखडी सुरू होते आणि ती संपतच नाही. अंधार पडू लागतो. शेवटी कोणी पुढारी मध्ये येतो, दोघांचे हात वर करतो आणि कुस्ती बरोबरीत सुटली असे जाहीर होते. इनाम अर्धे-अर्धे. लोक थोडे कुरकुरतात आणि उठतात. कधी दोघांनी मनापासून जोर लावलेला असतो, तर कधी ती नुरा कुस्ती असते. आणि या दोहोंत फरक कसा करायचा हे प्रेक्षकाला कळण्याची काहीच सोय नसते. जिचे नावच निकाली, ती इतक्या वेळा बिननिकाली सुटते. कुस्तीत ‘निकाल’ नावाचा एक डावच आहे. पुष्कळ मैदानांत निकाल म्हणून तेवढाच उरला आहे, असे कोणी चेष्टेने म्हटले तर राग येऊ नये.

शिवाय जोड कोण लावतो? वजनकाट्याने नव्हे, तर नजरेने. वस्ताद दोघांना शेजारी उभे करतो, दंड-मांड्या चाचपतो आणि म्हणतो, होऊन जाऊ दे. अनुभवी वस्तादाची नजर काट्याहून अचूक असते हे मला ठाऊक आहे. पण जेथे अर्धा निकाल जोड लावतानाच लागतो तेथे ‘कोणाही माणसाच्या मर्जीवर काही नाही’ हा अभिमान बाळगता येत नाही. मर्जी तेथेही आहे. फक्त ती कुस्तीच्या आधी आपले काम करून जाते.

गुण मोजणे ही परकीय रीत आहे असेही म्हणतात. या आक्षेपाचे मला सर्वांत अधिक नवल वाटते, कारण मराठी माणसाने जगाला दिलेल्या खेळांतच त्याचे उत्तर आहे. आज आपण कबड्डी म्हणतो त्या हुतूतूचे तीन प्रकार खेळले जात: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच बसे. सगळा संघ बाद होईपर्यंत खेळ चाले, वेळेचे बंधन नसे. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी पुन्हा जिवंत होई. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे. नुसता गुण मांडला जाई. तीन प्रकार म्हणजे हारजीत ठरविण्याच्या तीन निरनिराळ्या कल्पना. गामिनी ही खेळांतली निकाली कुस्ती होती. ती मागे पडली आणि आजच्या कबड्डीने संजीवनीतले पुनरुज्जीवन व घड्याळाची मर्यादा स्वीकारली. हा निर्णय कोणा साहेबाने आपल्यावर लादला नाही. आपल्याच व्यायामशाळांतल्या माणसांनी नियमांची पुस्तके लिहिली, वाद घातले आणि ठरविले. खो-खोचे पाहा. ‘एक गुण आणि चार मिनिटे राखून विजय’ असे आपण वर्तमानपत्रात सहज वाचतो. गुण आणि काळ या दोन्हींनी विजय मोजण्याची ही किती सुबक रीत आहे! बरोबरी झालीच तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे जो संघ पहिला गडी कमी वेळात टिपेल तो जिंकला. मल्लखांबाचे तर गुण परीक्षकच देतात, आणि त्यांत डौलालाही मोल आहे. मल्लखांब कुस्तीच्याच कुशीत वाढला. त्याला गुण दिलेले चालतात आणि कुस्तीला चालत नाहीत, हा कोणता न्याय?

आणि शेवटी खाशाबा जाधवांचे काय करणार? कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचे नाव घेताच ऊर भरून येत नाही असे मराठी घर नसेल. ते पदक कसे मिळाले? गादीवर, वजनगटात, घड्याळ लावून, आणि उणे गुणांच्या पद्धतीने. चीतपटीहून कमी प्रतीच्या प्रत्येक निकालाला उणे गुण मिळत; पाच झाले की पैलवान स्पर्धेबाहेर. शेवटच्या तिघांत खाशाबा पोचले. जपानच्या इशीविरुद्धची दीर्घ लढत हरल्यावर त्यांना लगेच रशियाच्या मामेदबेकोव्हपुढे उभे करण्यात आले. मधल्या विश्रांतीचा हक्क होता, पण तो मागायला आपला अधिकारी तेथे नव्हता, अशी हकीगत त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदविली आहे. म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या पैलवानाच्या आयुष्यातला घाव गुणपद्धतीने केलेला नव्हता. नियम होता, तो मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस नव्हता, एवढेच. हे मला माती-गादीच्या साऱ्या भांडणाहून महत्त्वाचे वाटते.

याचा अर्थ गादीवरचे सगळेच शहाणपणाचे असते असा कोणी घेऊ नये. तेथेही मूर्खपणाचे विक्रम आहेत. २००५ नंतरची काही वर्षे आंतरराष्ट्रीय कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत होत असे. फेरीत कोणालाच गुण मिळाला नाही तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढत. ज्याचा रंग निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करण्याची संधी, आणि बहुधा फेरीही त्याचीच. चार वर्षे दंड-बैठका काढायच्या आणि शेवटी हारजीत लाल-निळ्या चेंडूने ठरायची! फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिकच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला मुख्य खेळांच्या यादीतून वगळण्याची शिफारस केली तेव्हा कुस्ती महासंघाचे डोळे उघडले. नियम बदलले, चेंडू गेला, सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. निकाली कुस्तीचे भक्त हे उदाहरण देतील तर मी त्यांच्याशी सहमत होईन. फक्त पुढे एवढे विचारीन की, तो नियम वाईट होता हे जगाला कळले आणि तो आठ वर्षांत बदलला. आपल्या मैदानातली अर्ध्या इनामाची बरोबरी किती पिढ्या चालली आहे?

क्रिकेटचे फार सांगत नाही, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. १४ जुलै २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंड आणि इंग्लंड दोघांच्याही २४१ धावा झाल्या, जादा षटकातही १५-१५, आणि इंग्लंडने २६ विरुद्ध १७ अशा अधिक सीमापार फटक्यांवर चषक नेला. सारे जग हळहळले. तो नियम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. न्यूझीलंडच्या खेळाडूंनी मात्र कोणाची कॉलर धरली नाही; नियम विचित्र होता, पण तो आधी छापलेला होता.

आधी छापलेला नसला म्हणजे काय होते, हे आपल्याच कबड्डीने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला दाखविले. आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना, भारत आणि इराण, गुण २८-२८, शेवटचे थोडे क्षण. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता राखीव पट्ट्यात गेला. इराणचे बचावपटूही त्याच्यामागोमाग पट्ट्यात शिरले. जुन्या नियमाने चढाईपटूही बाद आणि पट्ट्यात शिरलेले सगळेच बाद. म्हणजे भारताला चार, इराणला एक. नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद, म्हणजे इराणला एक. कोणता नियम लागू? पंचांनी एकदा असा, एकदा तसा निर्णय दिला. खेळाडू मैदानातच बसून राहिले. जवळपास तासभर सामना थांबला. अखेर भारताला चार गुण मिळाले आणि आपण ३३-२९ असे जिंकलो. सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. परंतु त्या तासाभरात जगाने आपल्या खेळाकडे कसे पाहिले असेल? ज्या खेळाची नियमपुस्तके आपण लिहिली, त्याच्या सर्वोच्च सामन्यात कोणते पुस्तक उघडायचे हेच ठरलेले नव्हते. आपण जिंकलो म्हणून हा प्रश्न विचारायचे आपण टाळले. हरलो असतो तर महिनाभर विचारला असता.

याउलट जवळचेच एक उदाहरण मला नेहमी आवडते. आपल्या जिल्ह्याच्या खाली दक्षिण कन्नड-उडुपीकडे कंबळा होतो. चिखल-पाण्याच्या वाफ्यातून रेडे पळवितात. त्यातल्या बहुतेक प्रकारांत जो आधी पोचेल तो जिंकला. पण ‘कने हलगे’ नावाच्या एका प्रकारात वेगाला महत्त्वच नाही. रेडे जोडलेल्या फळीच्या भोकांतून पाण्याची जी चिळकांडी उडते, ती किती उंच गेली यावर निकाल. त्यासाठी वर साडेसहा आणि साडेसात कोलूंच्या उंचीवर कापड बांधलेले असते. पाणी कापडाला लागले, कापड भिजले, संपले! ओले कापड सर्वांना दिसते, आणि नंतरही ते ओलेच राहते. हा खरा ‘डोळ्यांदेखत’ निकाल. आणि हेच लोक धावण्याच्या प्रकारांत आता किरणयंत्राने वेळ मोजतात. परंपरा बुडाली म्हणून कोणी रडत बसलेला नाही. १ फेब्रुवारी २०२० रोजी ऐकळच्या कंबळ्यात श्रीनिवास गौडाने १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत तोडले, तेव्हा काही उत्साही मंडळींनी त्रैराशिक मांडून त्याला ऑलिंपिकच्या धावपटूंपुढे नेऊन बसविले. चिखलातून रेड्यांबरोबर पळणाऱ्या माणसाची कोऱ्या पट्ट्यावरच्या धावपटूशी तुलना होत नाही, हे त्याला स्वतःला कळत होते. त्याने सरकारी चाचणीला जाणे नाकारले. एका खेळाचा काटा दुसऱ्याला लावू नये, इतके शहाणपण त्या मजुराजवळ होते.

नियम आधी ठरलेला असला की तो दयाळूही असतो असे नव्हे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगाटचे वजन ५० किलोंच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅमने अधिक भरले आणि ती अंतिम लढतीतूनच नव्हे तर साऱ्या क्रमवारीतून खाली, अगदी शेवटी गेली. आदल्या दिवशी तिने जपानच्या यूई सुसाकीला, जिला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कोणी हरविलेले नव्हते, ३-२ असे नमविले होते. ते गुण कोठे गेले? हा नियम मला क्रूर वाटतो आणि तो बदलला जावा असे वाटते. पण त्या प्रकरणात निदान तक्रारीला दार होते. क्रीडा लवादापुढे सुनावणी झाली, आणि दावा फेटाळतानाही नियमाचे परिणाम कठोर आहेत हे मान्य करून कारणांसह लेखी निर्णय देण्यात आला. तो कोणालाही वाचता येतो, त्याच्याशी वादही घालता येतो. महाराष्ट्र केसरीच्या चीतपटीवर असा कारणांसह कागद त्याच संध्याकाळी मैदानात वाचला गेला असता तर पुढची लाथ कदाचित टळली असती.

म्हणून माझे म्हणणे आपल्या जत्रा समित्यांपुढे, आणि विशेषतः तेथे बसणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे, स्पष्ट मांडतो. माती राहू द्या. हलगी राहू द्या, फेटे आणि नारळ राहू द्या. चीतपटीला सर्वांत मोठा मान राहू द्या. गादीवरसुद्धा तो आहेच. पण पहिली जोड लागण्याआधी नियम ध्वनिक्षेपकावरून मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवा. लहान जोडीला दहा मिनिटे, मोठीला वीस किंवा तीस, काय ते आधी सांगा. तेवढ्यात चीत झाली नाही तर पुढची पाच मिनिटे गुणांवर. ज्याचा पहिला गुण त्याची कुस्ती. महाराष्ट्रातल्या पुष्कळ मैदानांत हे चालते आणि तेथली माती काही बाटलेली नाही. वजन करा, साखरेच्या पोत्यांसाठी काटा मिळतो तर पैलवानासाठीही मिळेल. पंच तीन ठेवा आणि त्यांतला एक गावाबाहेरचा असू द्या. निर्णयानंतर मुख्य पंचाने हलगी थांबवून दोन वाक्यांत कारण सांगावे: कोणता डाव, किती गुण, कोणता खांदा. हरलेल्याच्या वस्तादाला एक हरकत घेण्याचा हक्क द्यावा. हल्ली प्रेक्षकांतल्या निम्म्या हातांत चित्रण करणारा फोन असतो. तो पाहायला पंचांनी लाजू नये. बरोबरी करायचीच असेल तर इनाम समितीकडे परत जाईल असे आधीच जाहीर करावे, आणि मग किती कुस्त्या बरोबरीत सुटतात ते पाहावे. आणि मुलींच्या जोडी संध्याकाळी लोक पांगल्यावर नव्हे, भर मैदानात लावाव्यात.

याला एक आक्षेप मला आताच ऐकू येतो: इतके नियम जाणणारे पंच आणायचे कोठून? ते येथेच आहेत. हल्याळला चार-पाच वर्षे गादीवर काढून परत आलेली, गुडघा दुखावला म्हणून किंवा लग्न झाले म्हणून खेळ सुटलेली तरुण मुले-मुली आपल्याच वाड्या-वस्त्यांत आहेत. टांगेला किती गुण आणि मोळीला किती हे त्यांना पाठ आहे. आपण त्यांना कधी विचारले नाही, कारण त्यांचे जिंकणे आपल्याला जिंकणे वाटलेच नव्हते. येत्या जत्रेत त्यांतल्या एखाद्या पोरीच्या हातात शिट्टी द्यावी आणि गुण मांडायला मैदानाच्या कडेला फळा उभा करावा. फळा शाळेतून मागून आणता येईल, खडूही तेथेच मिळतील.